शालिग्राम मास्तरांनी अडवलेलं गाणं

सुरतेत, पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये शालिग्राम बोरसे एकतीस वर्षं कलर मास्तर होते. त्यांनी पास केल्याशिवाय तिथून एक तागा बाहेर पडत नसे. रंगवून आलेल्या कापडाचा तुकडा आणि पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, दिलेला नमुना हातात शेजारी शेजारी धरायचा, उत्तरेच्या खिडकीत उभं राहायचं आणि सांगायचं: लाल जास्त, पिवळा कमी, चालेल, नाही तर परत मशीनमध्ये घाला. बस, एवढंच काम. शेठ स्वतः मागे येऊन उभे राहिले तरी मास्तर त्यांना ढग सरकेपर्यंत थांबायला लावत.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवतो. पुढे जे झालं ते मी जवळून पाहिलं, आणि त्यात थोडा सापडलोही.

मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसरी पट्टी निघाली त्या सकाळी त्यांनी आधी बायकोकडे, सरलाबाईंकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग गॅलरीत वाळत घातलेल्या आपल्या पांढऱ्या शर्टाकडे, आणि पलंगावर बसले.

"सगळं निळं दिसतंय," ते म्हणाले.

डॉक्टरांनी समजावलं. मोतीबिंदू पिवळट असतो, तो निळा अडवतो. निळा होताच, तुम्हालाच दिसत नव्हता. आता नीट दिसतंय.

"किती वर्षं दिसत नव्हता?"

"हळूहळू वाढतं ते. पाच-सहा वर्षं धरा."

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. मास्तर गॉगल लावून थेट मिलमध्ये गेले, पास केलेल्या तुकड्यांची रजिस्टरं खिडकीत मांडली आणि दोन दिवस पानं उलटत बसले. तिसऱ्या दिवशी शेठच्या केबिनमध्ये गेले.

"शेठ, सहा वर्षांतलं सगळं बदामी चुकलंय. निळा जास्त पडलाय. कापड परत बोलवा."

शेठ आधी हसले. मग मास्तर हसत नाहीत हे पाहून थांबले. "मास्तर, ते कापड आता कुठे सापडणार? लोकांनी नेसलं, फाडलं, पायपुसणी करून दारात टाकलं."

"मग पायपुसणी बोलवा."

आठवड्याच्या आत निरोप समारंभ झाला. हार, नारळ, शाल. शाल बदामी होती. खांद्यावर घेण्याआधी मास्तर ती घेऊन खिडकीपाशी गेले, बराच वेळ पाहत राहिले, आणि परत येऊन खुर्चीवर बसले. घरी येताना त्यांनी रंगांच्या नमुन्यांची आपली जुनी पेटी तेवढी मागून आणली. तिच्यात चारशे चिंध्या होत्या, इंच इंच चौरस, प्रत्येकीला मागून नंबर.

मास्तरांचा मुलगा दीपक सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला आहे. त्याची बायको धनश्री घरी बसून कॉम्प्युटरवर काम करते. परदेशातली कुठली तरी कंपनी गाणी पाठवते, आणि प्रत्येक गाणं ऐकून तीन चौकटी भरायच्या असतात. गाण्याची लय किती, पट्टी कोणती आणि मूड काय. उधन्याचं एक ऑफिस अशी कामं वाटून देतं. लय आकड्यात लिहायची, पट्टी अक्षरात, आणि मूडसाठी बारा शब्दांची तयार यादी, त्यातला एक निवडायचा. यादी इंग्रजीत होती म्हणून धनश्रीने त्यांचे मराठी अर्थ कागदावर लिहून तो स्क्रीनच्या वर चिकटवला होता. आनंदी, दुःखी, प्रेमळ, जोशपूर्ण, शांत, भीतीदायक, भव्य, असे. 'अपलिफ्टिंग'पाशी अडून तिने 'उचलणारा' लिहिलं होतं.

"काय उचलस हाई?" सरलाबाईंनी एकदा विचारलं होतं. धनश्रीने तो शब्द तसाच ठेवला.

धनश्रीला सातवा महिना लागला, कंबर धरायला लागली. मास्तर रिकामेच होते. ती म्हणाली, "पप्पा, थोडे दिवस तुम्ही बघता का? सोपं आहे. गाणं ऐकायचं आणि पास करायचं."

'पास' हा शब्द तिने वापरायला नको होता.

मास्तरांनी टेबल गॅलरीत नेलं. सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी चारनंतर गाणं ऐकायचं नाही, असा नियम केला. कानाला उजेड लागत नाही हे धनश्रीने सांगून पाहिलं, पण त्यांना ते पटलं नाही. लय मोजायला भिंतीवरचं घड्याळ समोर ठेवलं. एका मिनिटात किती ठोके पडतात ते ते बोटाने टेबलावर वाजवून मोजत, प्रत्येक गाण्याला तीनदा. पट्टीतलं मात्र त्यांना काही कळत नव्हतं. त्यासाठी त्यांनी काशिनाथ वाणींना बोलावलं.

काशिनाथ आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचे पेटीवाले. पेटी घेऊनच आले. गाणं लागलं की ते डोळे मिटून भाता हलवत, एक-दोन सूर चाचपत आणि जाहीर करत, "काळी दोन." मास्तर धनश्रीने करून दिलेल्या तक्त्यात बघून त्याचं इंग्रजी अक्षर लिहीत. काशिनाथांना हे काम फार आवडलं. स्वतःबद्दल ते नेहमी सांगत, "बासष्टावं चालू आहे, पण अजून काळी दोनमध्ये गातो. खाली उतरलो नाही." ते इंग्रजी गाण्यांनाही नापास करत. मास्तर त्यांना सांगत की तो अधिकार आपल्याकडे नाही.

अशी दोघांनी मिळून चारशेवर गाणी केली. ऑफिसातून कधी तक्रार आली नाही.

मग ते गाणं आलं.

मोठा ऑर्केस्ट्रा होता, पन्नास-साठ व्हायोलिनं असावीत. त्यात एक बाई अशा भाषेत गात होती, जी आमच्या सोसायटीत कुणालाच येत नव्हती. चार मिनिटं बारा सेकंद. मास्तरांनी सव्वादहाला लावलं आणि साडेअकरापर्यंत पुन्हा पुन्हा ऐकलं.

"धनश्री," त्यांनी हाक मारली, "हे शहात्तरला सुरू होतं. मधे सहासष्ट होतं. शेवटी अठ्ठावन्न. काय लिहू?"

"सरासरी टाका ना, पप्पा."

"एक टोक गुलाबी आणि दुसरं टोक लाल निघालेला तागा मी सरासरी म्हणून पास करू?"

पट्टीचंही तसंच. काशिनाथांनी 'पांढरी दोन' म्हटलं, मास्तरांनी लिहिलं, आणि मधेच काशिनाथांनी भाता थांबवला. "थांबा. बाई वर गेली. आता पांढरी तीन आहे." त्यांचा चेहरा उतरला होता. "न सांगता पट्टी बदलली. साथीला बसलेल्यांनी काय करायचं?"

आणि मूड. मास्तरांच्या मते तो यादीतला कुठलाच नव्हता. धनश्री म्हणाली प्रेमळ. काशिनाथ म्हणाले, सैनिक धारातीर्थी पडला आहे, तेव्हा दुःखी किंवा भव्य. सरलाबाई स्वयंपाकघरातून पोळी लाटता लाटता ऐकत होत्या. त्या दारात येऊन म्हणाल्या, "पोर सासरले चालनी हाई. दुसरं काय?" आणि पदराने नाक पुसून परत गेल्या. शाळेतून येताना मला जिन्यात अडवून ऐकवलं गेलं. मी म्हटलं, कुणीतरी परीक्षा पास झालंय असं वाटतं. मास्तरांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी तसाच जिना चढून वर गेलो.

अडचण अशी होती की चौकटी भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढचं गाणं देत नसे. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मास्तर तिन्ही दिवस दहाला बसले आणि चारला उठले, आणि गाणं जिथल्या तिथे होतं. चौथ्या दिवशी उधन्याच्या ऑफिसातला कुंदन मोटरसायकलवर आला. त्याचं घराणं अमळनेरकडचं, पण हा सुरतेत जन्मलेला, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, बोलताना मराठीत निम्मं गुजराती.

"काका, शुं थयुं? चार दिवसांपासून तुमचा आयडी लाल दाखवतोय. एक गाणं छे, काही पण टाकून द्या ने."

"काही पण टाकून मी एकतीस वर्षांत काही पास केलेलं नाही," मास्तर म्हणाले. मग स्वतःलाच सुधारत म्हणाले, "मुद्दाम तरी नाही."

कुंदनने मोबाइल काढला. त्यात सूर ओळखणारं एक ॲप होतं. गाणं लावलं, आणि ॲपने सांगितलं: सुरुवात काळी एक, पुढे काळी दोन.

"चूक आहे," काशिनाथ म्हणाले. "पांढरी दोन आणि पांढरी तीन."

"काका, मशीन छे."

"ही पण मशीनच आहे," काशिनाथांनी पेटीवर हात ठेवला.

मग कुंदनने मोबाइल पेटीजवळ धरला आणि म्हणाला, वाजवा. काशिनाथांनी काळी दोन दाबली. मोबाइलवर पांढरी दोन आली. काळी एक दाबली, पांढरी एक आली. वरपासून खालपर्यंत सगळी पेटी अर्धा सूर उतरलेली निघाली.

काशिनाथ हळूच म्हणाले, "तापीच्या पुरात ही रांदेरला माझ्या मेहुण्याकडे होती. दोन दिवस पाण्यात होती. वाळवली तेव्हा वाटलं, बरी आहे."

तो पूर २००६चा. म्हणजे तेव्हापासून गल्लीतलं प्रत्येक भजन, प्रत्येक आरती अर्धा सूर खाली चालली होती, आणि काशिनाथ ज्याला काळी दोन म्हणत होते ती कधीच काळी दोन नव्हती. ते बोटं पेटीवर ठेवून तसेच बसून राहिले. मास्तर उठले, आत गेले, आणि स्वतःच्या हाताने चहा करून आणला, जो त्यांनी याआधी कधी केल्याचं कुणाला आठवत नाही. त्यात साखर विसरले होते. काशिनाथ तो तसाच प्यायले.

"माझं सहा वर्षांचं बदामी गेलं," मास्तर त्यांना म्हणाले. "पण कापड उबदार होतं ना. कुणी थंडीने मेलं असं ऐकलं नाही."

"भजनाला लोक रडायचे," काशिनाथ म्हणाले.

"मग झालं तर."

कुंदनने तेवढ्यात ऑफिसात फोन करून झालेल्या चारशे गाण्यांची पट्टी एका झटक्यात अर्धा सूर खाली करून घेतली. त्याला अर्धा मिनिट लागलं. लयीसाठी त्याने वरच्या साहेबांना विचारून तीन आकडे लिहायची परवानगी मिळवली. पट्टी दोन लिहायचीही मिळवली. "आता फक्त मूड, काका. सहा वाजेपर्यंत. नाही तर माझा पण आयडी लाल थई जशे."

मास्तर म्हणाले, "बाराच्या उजेडात होईल. लॅबडिप करू."

लॅबडिप म्हणजे गिरणीतली एक साधी रीत. अख्खा लॉट रंगवण्याआधी छोट्या भांड्यात कापडाचा तुकडा रंगवून बघायचा. मास्तरांनी तीच रीत माणसांवर करायची ठरवली. आतल्या खोलीत खुर्ची ठेवली, खुर्चीसमोर परात, आणि परातीत त्या चारशे चिंध्या पसरल्या. सोसायटीतून मिळतील तेवढी माणसं बोलावली. दुपारची वेळ होती, रात्रपाळीवाले उठून बसले होते, बायका साड्यांना टिकल्या लावायचं काम बाजूला ठेवून आल्या. सतरा जण जमलो. एकेकाने आत जायचं, हेडफोन लावून पूर्ण गाणं ऐकायचं, आणि गाण्यासारखी वाटेल ती चिंधी उचलून सरलाबाईंना दाखवायची. शब्द बोलायचा नाही. सरलाबाई मागचा नंबर वहीत लिहीत आणि चिंधी परातीत टाकून सगळं हाताने कालवत, भेळ कालवावी तशा.

पहिल्या शोभाबाई गेल्या. हेडफोन लावल्यावर माणसाला आपला आवाज कळत नाही, त्यामुळे आतून त्यांचं "अगं माय गं" सगळ्या जिन्याला ऐकू गेलं. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या की त्यांना नवऱ्याचं आजारपण आठवलं. त्यांच्यामागून गेलेला रात्रपाळीचा गणेश हसत बाहेर आला. त्याला म्हणे कुणाच्या तरी लग्नातली आइस्क्रीम आठवली. वत्सलाबाईंना तहान लागली. कुणाला गावाकडची एसटी आठवली, तर कुणाला काहीच नाही, पण त्याने परत एकदा ऐकू का असं विचारलं. मी गेलो. परातीपाशी बसल्यावर परीक्षेचं माझ्या डोक्यातून गेलं. मी एक गडद हिरवी चिंधी उचलली. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

बाहेर भांडण जुंपलं होतं. शोभाबाई आणि गणेश तर एकमेकांशी बोलायचे थांबले. कुंदन घड्याळ पाहत होता आणि म्हणत होता, "काका, आ तो इलेक्शन थई गयुं."

सतरावा माणूस बाहेर आला. मास्तरांनी वही घेतली, चष्मा पुसला, वाचली, आणि परत पहिल्यापासून वाचली.

"तीनशे अठरा," ते म्हणाले. "सतरापैकी अकरा जणांनी तीनशे अठरा उचललीय."

चारशे चिंध्यांतून एकच. शोभाबाईंनीही तीच आणि गणेशनेही तीच. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. मास्तरांनी परातीतून ती शोधून काढली आणि उजेडात धरली. जांभळी, आतून काळसर, किंचित लालाकडे. "वांगी," ते म्हणाले. "कापडवाले याला वांगी म्हणतात."

सरलाबाई जळगावच्या. त्या वहीतून वर न बघता म्हणाल्या, "आमनं वांगं हिरवं ऱ्हास."

"ते भरताचं."

"मंग? भरतनं वांगं हाईच वांगं."

कुंदनने कपाळाला हात लावला. त्याने मोबाइलवर चिंधीचा फोटो काढला. साहेबांना परत फोन करून यादीत 'इतर' अशी चौकट उघडून घेतली. तिथे इंग्रजीत वांग्याचं नाव लिहिलं, फोटो जोडला, आणि पाचला दहा कमी असताना गाणं पाठवून दिलं. लगेच पुढचं गाणं आलं. ते साधं जाहिरातीचं होतं, मास्तरांनी चारच्या नंतर ऐकायला नकार दिला आणि सगळे घरी गेलो.

आम्हाला वाटलं, विषय संपला. पण तीन आठवड्यांनी कुंदनचा फोन आला. परदेशातल्या कंपनीला ती नोंद पसंत पडली होती, की कुणी न वाचता मान्य केली होती, ते त्याला कळलं नव्हतं. एवढं मात्र खरं की मूडच्या यादीत बाराऐवजी तेरा शब्द झाले होते. तेरावा वांगी.

यादी सगळीकडे एकच. भुसावळला, इंदूरला, कुठे कुठे घरोघर बसून गाणी भरणाऱ्या माणसांसमोर एका सकाळी हा शब्द आला, आणि लोकांना तो फार सोयीचा वाटला. काही ठरत नसलं की वांगी. महिन्याभरात दोन हजार गाणी वांगी झाली. मास्तरांनी कुंदनकडून त्यांतली शंभर मागवली, दहा ते चार या वेळात ऐकली, आणि लेखी कळवलं की त्यांतली चौऱ्याण्णव वांगी नाहीत. सत्तावीस सरळ सरळ आनंदी आहेत, लोकांना मान्य करायला लाज वाटते एवढंच. एक तर नुसतं दाढीच्या साबणाचं आहे.

ऑफिसने शेवटी वांगी तपासायचं काम मास्तरांनाच दिलं. धनश्रीला मुलगी झाली, ती दोन महिन्यांनी कामावर परत बसली, आणि आता घरात दोन टेबलं आहेत. काशिनाथ रोज येतात. पेटी दुरुस्त करून घ्या असं मंडळाने सांगितलं, तेव्हा त्यांनी विचार करायला वेळ मागितला. सगळ्या गल्लीचे गळे आता त्याच सुराला बसलेत, ते म्हणतात, आणि ते खरंही आहे. एवढं मात्र झालं, 'मी काळी दोनमध्ये गातो' हे वाक्य त्यांनी सोडून दिलं आहे. ते आता 'माझ्या पट्टीत' म्हणतात.

मागच्या महिन्यात भुसावळहून उज्ज्वला नावाच्या बाईंचा मास्तरांना फोन आला. त्यांची बारा गाणी मास्तरांनी नापास केली होती. रागाने नव्हे, खरंच कळावं म्हणून त्यांनी विचारलं, "सर, वांगी म्हणजे नक्की कोणतं हो? भरताचं की भाजीचं?"

मास्तरांनी फोटो पाठवायला साफ नकार दिला. मोबाइलवर लाल मरतो, ते म्हणाले. त्यांनी तीनशे अठरा नंबरच्या चिंधीतून दातेरी कात्रीने नखाएवढा तुकडा कापला, कागदात घडी घातला, पाकिटात घातला आणि बमरोलीच्या पोस्टात गेले. मला तिथेच एक मनिऑर्डर करायची होती म्हणून मी बरोबर होतो.

खिडकीतल्या बाईंनी पाकीट वजनकाट्यावर ठेवलं. काटा हलेना.

"अंदर शुं छे?" त्यांनी विचारलं.

"मूड," मास्तर म्हणाले.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मास्तरांनी पाकीट परत घेतलं, उघडलं, आणि घडी उलगडून तुकडा खिडकीतून आत सरकवला. बाईंनी तो बोटावर घेतला. मागे रांग होती, कुणीतरी जल्दी करो म्हणत होतं. बाई तुकडा घेऊन खुर्चीसकट उजेडाकडे वळल्या.

"मारा फोईनी साडी आवी ज हती," त्या म्हणाल्या. आत्याची साडी अशीच होती. तुकडा त्यांनी अजून थोडा उजेडाकडे नेला.

रांगेतल्या माणसाने परत आवाज दिला. मास्तरांनी मागे वळून, हात वर करून, त्याला थांबायला सांगितलं.